ऐकणाऱ्याचा गुन्हा

दयानंद गजभारे नांदेडला पोलीस खात्यात बिनतारी यंत्रावर तीस वर्षं बसले. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं, घड्याळ बघून वहीत उतरवायचं, पुढं धाडायचं. निवृत्त होऊन ते गोदाकाठच्या गावी आले, पण कानांना काही निवृत्त होता आलं नाही. त्यांनी एक जुना सेट मिळवला. त्यावर बोलता येत नसे, नुसतं ऐकता येई. मात्र आकाशवाणीशिवाय इतरांचंही ऐकू येई. बायको गेल्यापासून घरात बोलणारं तेवढंच होतं.

एका सकाळी त्यात वाळूचोर सापडले. वॉकीटॉकीवर कोणी सांगत होतं, "तहसीलदार साहेब कचेरीचा जिना उतरून राहिले. नदीतून टिप्पर काढा." गजभाऱ्यांनी आठ दिवस वेळेनिशी सगळं लिहिलं. साहेब जिन्यावर असतानाच बातमी नदीवर पोचत होती. म्हणजे सांगणारा कचेरीतलाच.

वही आणि सेट घेऊन ते तालुक्याला तहसील कचेरीत गेले. अव्वल कारकून गुरुपादप्पानं दोन पानं चाळली आणि सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"काका, हे ऐकलं कशावर?"

"ह्या सेटवर."

"परवाना हाय का?"

"न्हाई."

"मंग ओ! गाण्या-बातम्यांना लागत न्हाई, पर असलं ऐकायला लागतो. तुमच्यावरच केस होईल, सेट जप्त होईल. घरी जावा, भजनं ऐका."

"आणि बोलून राहिलेत त्यांच्याकडं हाय का परवाना?"

"त्यांची तक्रार कुठं आलीय?"

जेवणात निघालेल्या अळीकडं बघावं तसं गजभाऱ्यांनी त्याच्याकडं बघितलं. ह्या माणसाला उभ्या कायद्यातलं एकच कलम पाठ होतं, तेही दुसऱ्याचं तोंड बंद करण्यापुरतं. आपण अशांना तीस वर्षं साहेब म्हणत आलो, ह्याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'खालील संभाषण मी विनापरवाना ऐकले आहे.' खाली सही केली, वही जोडली.

"घ्या, आली तक्रार. माझा गुन्हा पहिल्या ओळीत हाय, त्यांचा बावीस पानांत. शिक्का मारा."

"येडे झालात का काका? फाडा ते. जेलात जाल."

"जाईन. अन् हा सेट. जप्त करा."

गुरुपादप्पानं सेटला हात लावला नाही.

"करा की! पंचनामा करा. सेटवर काय ऐकलं, ते त्यात लिहावं लागंल तुम्हाला. तुमच्याच अक्षरात."

शेजारच्या टेबलांवरची माणसं कामं सोडून बघू लागली. गुरुपादप्पानं शिक्का उचलला, पोचपावतीवर तिरपा मारला. गजभाऱ्यांनी पोच घडी करून खिशात घातली आणि सेट टेबलावर तसाच ठेवून ते रिकाम्या घराकडं निघाले.