राजीनामा देण्याची घरगुती पद्धत

अण्णा, म्हणजे आमचे वडील, अंबडला एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि नव्वदच्या आसपासच्या त्या वर्षांत महिन्यातून एकदोनदा तरी राजीनामा देत. कचेरीत नव्हे, घरी. पिशवी खुंटीला लावायच्या आधीच सुरुवात व्हायची. "तो साहेब मला काय समजून राह्यला? उद्या राजीनामा तोंडावर मारतो त्याच्या!" यावर आईने स्वयंपाकघरातून म्हणायचं, "नका हो असं करू. लेकरायचं कसं होईल?" मग अण्णा मोठा उसासा सोडत, "तुमच्यासाठी सहन करून राह्यलो सगळं," म्हणत आणि हातपाय धुऊन जेवायला बसत.

तव्यावर भाकरी असली की आईला बोलायला उशीर व्हायचा. अशा वेळी अण्णा तेच वाक्य पुन्हा, जरा चढ्या आवाजात म्हणत. एकदा ती शेजारी हळदीकुंकवाला गेलेली, तर ती परत येईपर्यंत त्यांनी राजीनामा रोखून धरला होता.

शब्द त्यांना कधी कमी पडले नाहीत. साहेबाशी वाजलं की राजीनामा. बदलीची कुणकुण लागली की निवृत्ती. बढती शेजारच्या टेबलाला मिळाली की थेट विरक्ती, आणि मग दोन दिवस चहात साखर नको. आईकडे यातला एकही शब्द नव्हता. तिला राजीनामा द्यायचाच असता, तरी तो कुणाकडे द्यायचा हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. ती फार तर "टेकले बाई हात तुमच्यापुढं" म्हणायची आणि धुणं भिजवायला घ्यायची.

ताई माझ्याहून बरीच मोठी. बीएस्सी बीएड होऊन ती घनसावंगीकडच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवत होती. सकाळी जीपमध्ये माणसांच्या आणि पोत्यांच्या मधे अंग चोरून जायची आणि संध्याकाळी पदराला खडू लावून, खुशीत परतायची. जेवताना तिचं आठवीच्या वर्गाचं पुराण चालायचं. कुणाला अपूर्णांक कळले, कुणी ओंजळभर बोरं आणून दिली, कोण खिडकीतून पळालं. ती नोकरी तिला किती आवडते हे सांगायला आमच्या घरात वेगळं कुणी लागत नव्हतं.

मग जालन्याचं स्थळ आलं. मुलाचं औषधांचं दुकान, माणसं सभ्य, हुंडा नको, मानपान नको. पोहे संपल्यावर मुलाच्या वडिलांनी एकच गोष्ट सांगितली. "आमच्यात सुना नोकरी करत न्हाईत. तेवढं तुमी बघा." ते लोक गेल्यावर अण्णांनी ताईला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" विचारलं, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे पुष्कळ वर्षं ते "तिला विचारूनच केलं" असं सांगत आले आणि ते खोटं नव्हतं.

ताई म्हणाली, "मंग देते राजीनामा." आणि थांबली. तिने आईकडे पाहिलं. आई कपबशा गोळा करत होती. ताईने पुन्हा, जरा चढ्या आवाजात म्हटलं, "उद्याच्या उद्या देऊन टाकते!"

"मंग आत्ताच लिही की. मी सांगतो मजकूर," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. चष्मा लावून त्यांनी 'घरगुती कारणास्तव' आणि 'स्वखुशीने' एकाच ओळीत बसवलं आणि आईला म्हणाले, "पाह्यलं? किती समजूतदार लेकरू आहे." मला अस्सा राग आला होता! समजूतदार हा शब्द आमच्याकडे मुलींसाठी राखून ठेवलेला असायचा. तो एकदा चिकटला की पुढे काही बोलायची सोय राहत नसे.

दुसऱ्या दिवशी ताई दुपारच्या जीपनेच परत आली. संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी त्या जागेवर डोळा ठेवून बसलेली, त्यामुळे राजीनामा हातोहात मंजूर झाला होता. संध्याकाळी अण्णांना हे कळलं तेव्हा ते पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. मंजूर झालेला राजीनामा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असावा.

"एवढ्या जल्दी? अन् कुणी थांब म्हणलं न्हाई तुला? हेडमास्तर? कुणीच न्हाई?"

ताई तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं.

"ते तर परके, अण्णा. ते थांबवतील असं मी धरलंच नव्हतं. मी काल इथं वाट पाहून राह्यल्ते, तुमची अन् आईची."