पाठमोरी फुलं

“नजर अधू झालीय माझी, हात नाही झाले. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, आईला घरात बसवायची एवढी घाई नको.”

“मला कशाला ऐकवता, आत्याबाई? गेल्या साली निम्मी फुलं पोचट निघाली म्हणून म्हणाले ते. यंदाही तसंच झालं, तर तुम्ही आणि तुमची खाट.”

दिवसभर खाटेवर माशा हाकत बसायचं, याची सासूला मरणापेक्षा जास्त धास्ती. जन्म सूर्यफुलात गेलेला. उन्हाळ्यात मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, म्हणून सकाळी तळहाताला मऊ कापड गुंडाळून फुलाफुलावरून हात फिरवायचा. याचे पराग त्याला लागले की दाणा भरतो. फूल कडेकडून आत, एकेक वेढा उमलत जातं. एकमेकींत गुंतलेल्या त्या वळणदार रांगा बोटांना लागल्या, की आज कुठवर उमललंय ते तिला कळायचं. डोळ्यांना मात्र आता नुसते रंग दिसत.

ती उगवतीकडून ओळीत शिरली. सून मागोमाग, पाळतीवरच म्हणा ना. सगळ्या फुलांची तोंडं समोर, पिवळीधमक. एक फूल सुटलं नाही. टोकाला पोचून सासू शेजारच्या ओळीत वळली आणि हात खाली सोडून तरातरा चालू लागली.

“अहो, ही फुलं कुणासाठी ठेवली?”

“या झाडांना फूल कुठाय अजून? हिरवीगार तर आहेत.”

सुनेनं एक फूल वळवून तिच्या नाकापाशी धरलं. पिवळं. उमललेलं फूल उगवतीकडेच तोंड करून राहतं. परतताना म्हातारीला नुसत्या पाठी दिसत होत्या.

तिनं ते फूल दोन्ही हातांनी चाचपलं. बराच वेळ.

“म्हणजे गेल्या साली निम्मं शेत मीच उपाशी ठेवलं.”

सुनेला चार शब्द सुनावायचे होते, ते तिनं गिळले. “घरी यांना काय सांगू?”

“झालं तेच सांग. वर मीठमिरची लावू नको. आता पाठीकडून शिरायचीच नाही मी.”

“अहो, दुप्पट चालावं लागेल.”

“मग पाय कशाला आहेत? खाटेवर ठेवून काय करू त्यांचं?”

म्हातारी बांधावर चढली, रिकाम्या हातानं चालत उगवतीच्या टोकाला गेली. कापड पुन्हा घट्ट गुंडाळलं आणि सुटलेल्या ओळीत शिरली.