दोनदा बांधलेला पेटा

मैसूरमध्ये मोठ्या माणसाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नाही, ते अंगातच आहे. शाल, हार, फळांची परडी आणि डोक्यावर पेटा, म्हणजे इकडचा फेटा. बँकेतला साहेब निवृत्त झाला की पेटा, गल्लीतला पोरगा कुस्ती जिंकला की पेटा. आता दुकानात तयार मिळतो, टोपीसारखा घालायचा आणि काढायचा. पण आमच्या घरात तो माणसाच्या डोक्यावर बांधतात. सासऱ्यांचे पूर्वज इथल्या राजाच्या फौजेतले. फौज गेली, घोडे गेले, पेटा बांधायचा हात तेवढा राहिला. सासरे बांधायचे तेव्हा मी चहाचं निमित्त करून दारात उभी राहायची आणि मग स्वयंपाकघरात पालथ्या कळशीवर जुनं लुगडं गुंडाळून बघायची. बायकांचं हे काम नव्हे, असं सगळे म्हणायचे. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मात्र त्यांनी मलाच हाक मारली.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या पेट्यामुळे झालं. पेट्यामुळे कशाला, माझ्यामुळे झालं.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं सगळं पुड्या बांधून आलेल्या कागदांवर, मुलांच्या पुस्तकांवर. कन्नड लिहायलाही अशीच शिकले. म्हणून आमच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी (आम्ही सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणतो, इथे मास्तरांना तसंच म्हणतात) जेव्हा विचारलं, "अम्मा, दर शनिवारी पत्रं लिहायला याल का?" तेव्हा मला केवढा आनंद झाला! त्यांच्या ओसरीवर आम्ही सात-आठ जण जमायचो आणि खासदारांना हातानं पत्रं लिहायचो. टीबी, मलेरिया, पोरांच्या लशी, इथल्या आणि बाहेरच्या देशांतल्याही. छापील पत्र कोणी वाचत नाही, हाताचं वाचतात, असं मेष्ट्रु सांगायचे.

घरी सून हसायची. "अत्या, आपल्या गल्लीतला दिवा दोन महिने पेटत नाही. त्याचं पत्र कोण लिहिणार?"

"तेही लिहीन ग."

"आधी आफ्रिका, मग आमचा दिवा. बरं बरं."

मी सुम्ने, उगीच आपलं, हसून सोडून द्यायची. पण मला आत काहीतरी लागलेलं होतं. माझ्या धाकट्या नणंदेला टीबी झाला होता तेव्हा आम्ही साऱ्या गावाला अशक्तपणा सांगितला होता. तिचं ताट वेगळं होतं. ते कुणी बोलत नाही, मीही कधी बोलले नाही. पत्र लिहिताना वाटायचं, निदान आता तरी हा शब्द मी उघड लिहितेय.

मग त्या ओसरीवर ती आली. एच. डी. कोट्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली, तिशीतली बाई, मजुरीला जाणारी. तिला टीबी झाला होता, औषध पुरं करून बरी झाली होती. मधे एकदा औषधच मिळेनासं झालं होतं, तेही तिनं सोसलं होतं. मेष्ट्रुंना ती कुठल्याशा शिबिरात भेटली. मेष्ट्रु म्हणाले, आपण शंभर पत्रं लिहितो, त्यापेक्षा हिनं पाच वाक्यं समोर बसून सांगितली तर जास्त होईल.

आणि तशी संधी चालून आली. दिल्लीत आरोग्याच्या समितीवर बसणारे एक खासदार, आमच्या मतदारसंघाचे नव्हेत, पण त्यांची सासुरवाडी मैसूरची. घरगुती कार्याला येणार होते. मेष्ट्रुंनी पाच-सहा पत्रं लिहून दहा मिनिटं मागून घेतली. टीबीची औषधं गरीब देशांना पुरवणारा जगाचा एक निधी आहे, त्यात आपल्या देशानं वाटा वाढवावा असं संसदेत बोला, आणि इथल्या दवाखान्यात औषध संपू देऊ नका, एवढंच मागायचं होतं.

महिनाभर ती दर शनिवारी पहाटेची बस धरून यायची, त्या दिवसाची मजुरी बुडवून. आधी माझ्या स्वयंपाकघरात बसून वाक्यं घोटायची. मी दोसे घालायची, ती बोलायची. पहिलं वाक्य: मी कोट्याच्या पलीकडून आले, मला टीबी झाला होता. शेवटचं: माझ्यासारखी बाई कुठल्याही देशात असो, तिचं औषध मधे थांबू देऊ नका. मधली तीन होती. चार वाक्यं आम्ही ओसरीवर कापून-छाटून बसवली होती, एक तिनं स्वतः घातलं होतं. ते कापू का म्हणून मेष्ट्रुंनी विचारलं तर ती नाही म्हणाली. तिच्या गावात अजून तिच्या आजाराचं कुणाला माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या घरात, अनोळखी माणसांसमोर ते बोलायचं म्हणजे तिच्यासाठी केवढी उडी होती, ते मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मेष्ट्रुंनी बजावलं होतं, "दोन मिनिटं नमस्कार, पाच मिनिटं ही बोलणार, तीन मिनिटं आपलं मागणं. मागून झालं की गप्प बसायचं. आणि अम्मा, हार-तुरे काही नकोत."

मी मान हलवली. मनात म्हटलं, शाळामास्तर माणूस, याला काय कळतंय रीतभात.

मोतिया रंगाचं रेशमी कापड, सोळा हात, जरीचा काठ. चार आठवडे मी ते कापड बघत होते, घडी घालत होते, उन्हाला धरत होते. ती समोर बसून वाक्यं म्हणत असायची आणि मी "हं, हं, पुढे" म्हणत काठ सरळ करत असायची.

त्या सकाळी आम्ही तिघं गेलो. दिवाणखाना माणसांनी भरलेला. खासदार चांगले होते हो, उठून उभे राहिले, मेष्ट्रुंना खुर्ची दिली. तिला समोर बसवलं. तिच्या हातात दवाखान्याचा चार घड्या घातलेला कागद. मेष्ट्रु म्हणाले, "सार, ह्या बाई तुम्हाला..." आणि मी पिशवीतून कापड काढलं.

"एक निमिष, सार. मैसूरच्या जावयाला असं कसं सोडायचं?"

सगळे हसले. मेष्ट्रुंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खासदारांनी कौतुकानं डोकं वाकवलं. त्यांच्या सासूबाई पुढे आल्या, बायका आतून आल्या, मोबाइल वर झाले. "हातानं बांधतात? अय्यो, आता कोण बांधतं असं!" कुणीतरी म्हणालं. माझे हात कसे चालले, काय सांगू. वळीवर वळी. शेवटचं टोक खोचलं आणि पाहते तो डाव्या बाजूला जरासा सैल. जरासाच. कुणाच्याही लक्षात आला नसता.

मी तो सोडला आणि पुन्हा बांधला.

दुसऱ्यांदा बांधताना माझी नजर तिच्यावर गेली. ओठ हलत होते तिचे, वाक्यं म्हणत होती. खोटं कशाला बोलू, मी पाहिलं तिला. आणि माझ्या मनात आलं, ती थांबेल. तिला थांबायची सवय आहे.

पेटा झाला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. तेवढ्यात त्यांचा माणूस घड्याळ दाखवत आला, गाडी तयार आहे म्हणून. खासदार म्हणाले, "सांगा मेष्ट्रु, काय काम होतं?" मेष्ट्रुंनी उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगितलं. "लिहून द्या, नक्की बघतो." ती उठली. "नमस्कार सार, मी कोट्याच्या पलीकडून..." तिचा आवाज आधीच बारीक, त्यात तो गलका. त्यांना वाटलं, निरोप घेतेय. त्यांनी दोन्ही हात जोडून तिला छान नमस्कार केला आणि पेटा डोक्यावर घेऊन निघून गेले.

बाहेर मेष्ट्रुंनी आम्हाला रिक्षा करून दिली आणि स्वतः चालत गेले. बसस्टँडवर मी तिच्यासाठी केळी घेतली. तिनं घेतली. बसमध्ये चढताना म्हणाली, "अव्वा, पेटा बाकी फार नीट बसला होता."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आणि मी घरी येऊन काय केलं? फोटो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. फुलं, जोडलेले हात, वाहवा. हुणसूरच्या चुलत दिरांनी लिहिलं, घराण्याचं नाव राखलंत. संध्याकाळी सून फोटो मोठा करून बघत होती.

"अत्या, ही कडेला कोण? अर्धी कापली गेलीय."

"तीच ग. कोट्याची."

"मग बोलली का ती?"

मी उठून गॅसवरचं दूध बघायला गेले. दूध ठेवलेलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मेष्ट्रु तेवढंच म्हणाले, "लेखी द्या म्हणालेत. पण तिचं तिच्याच शब्दांत हवं. तुम्ही जाऊन घेऊन या." शिक्षा म्हणून म्हणाले की मला एक संधी द्यावी म्हणून, ते मी विचारलं नाही.

कोट्याची बस धरली, पुढे एक टेम्पो, पुढे पायी. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून घाबरली, शेजारची उभी होती ना. मी मोठ्यानं म्हटलं, "इकडे देवाला आले होते, म्हटलं भेटावं." शेजारीण गेली. मग म्हटलं, "चूक झाली ग माझी. पुढच्या वेळी ते येतील तेव्हा मी बाहेर बसते, तू एकटी जा."

ती सूप हलवत राहिली. "त्या दिवशी धीर गोळा केला होता, अव्वा. तो परत परत नाही होत गोळा."

"मग लिहून देऊ. मी लिहिते, तू सांग."

"मी कशाला सांगू? महिनाभर तुमच्या चुलीपाशी सांगत होते. तुम्हाला पाठ असेल. म्हणा बघू."

मी ओट्यावर बसले, कागद काढला आणि म्हणायला लागले. पहिलं आलं. दुसरं, सहा महिन्यांचं औषध घेतलं आणि बरी झाले, तेही आलं. तिसरं, मधे वीस दिवस औषधच आलं नाही. चौथं... पाचवं मला येत होतं, माझ्यासारखी बाई कुठल्याही देशात असो. पण चौथं येईना. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथंच अडले. त्या कापडाचा काठ किती बोटं रुंद होता ते मी आजही डोळे मिटून सांगेन.

तिचे हात थांबले. तिनं सूप बाजूला ठेवलं. घरातून सात-आठ वर्षांची पोर बाहेर आली, आईच्या पाठीला चिकटून उभी राहिली.

"लिहा," ती म्हणाली. "ते वीस दिवस माझी लेक उंबऱ्याबाहेर बसून जेवली, आणि आज आत येऊ का म्हणून रोज विचारायची."

मी लिहिलं. तिला वाचता येत नाही, तरी तिनं कागद मागून घेतला, त्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हेच ना ते?"

"हेच," मी म्हटलं.

"परत म्हणा."

मी परत म्हटलं. तिनं मला आणखी दोनदा म्हणायला लावलं, मगच खाली अंगठा दिला.