मामांची फुंकर

विझवण्यासाठी एकदाही फुंकर न मारलेला माणूस साऱ्या मीरा-भाईंदरात एकच असेल, तर तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. काडेपेटीची काडी ते हवेत झटकतात, मेणबत्तीची वात चिमटीत धरून निववतात आणि बोटं भाजली तर तक्रार करत नाहीत. चहा गरम असला तर तो निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतात, कारण त्यांच्या मते फुंकायची सवय चहापासूनच लागते. दिवा ‘विझला’ असंही त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. दिवा शांत होतो. वीज गेली तरी ते ‘लाईट शांत झाली’ म्हणतात आणि वीज कंपनीच्या तक्रार-फोनवरचा माणूस गोंधळतो.

जेसल पार्कातल्या त्यांच्या इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण सगळ्यांना ते भोगावं लागलं आहे. शेजारच्या गुजराती भाभींच्या नातवाचा वाढदिवस होता. पोराने गाल फुगवले आणि मामा मध्ये हात घालून उभे राहिले. “भाभी, दिया बुझाते नहीं. अपने आप शांत होने दो.” वडीलधारा माणूस, भाभींना नाही म्हणवेना. मेणबत्त्या शेवटपर्यंत जळल्या, निळं मेण केकवर सांडलं आणि पोरं वेफर्स खाऊन घरी गेली. तेव्हापासून मामांना वाढदिवसाचं बोलावणं असतं, पण केक कापून झाल्यानंतरच्या वेळेचं.

अशा माणसाला हर्नियाचा त्रास सुरू झाला. चार पावलं चालले की पोट धरून बसायचे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे दवाखान्यात नेणं माझ्याकडे आलं. सर्जन म्हणाले, भूल द्यायची तर आधी फुप्फुसांची तपासणी हवी, काशीमीऱ्याच्या गोदामात यांनी जन्मभर ट्रकचा धूर खाल्लाय. मामा आत गेले, मी बाहेर पेपर वाचत बसलो. रिपोर्ट इतका वाईट आला की सर्जनने तो दोनदा वाचला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की या फुप्फुसांवर ऑपरेशनचा धोका घेता येणार नाही. पूनम सागरला आमच्या घरी आल्यावर बायको रडली. मामा मात्र शांतपणे वरणभात जेवले. मला ते त्यांचं धैर्य वाटलं.

सर्जनने छातीच्या डॉक्टरीण बाईंकडे पाठवलं, त्यांना शंका आली. असा रिपोर्ट असलेला माणूस इतकं बोलू कसा शकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तपासणी पुन्हा करायला लावली आणि या खेपेला मीही आत गेलो. मामांच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी. तपासणारी मुलगी ओरडत होती, “जोर से अंकल, जोर से, और छोडो!” समोरच्या पडद्यावर, लोकांनी नीट फुंकावं म्हणून, मेणबत्त्यांची रांग जळत होती. मामा अगदी जपून श्वास सोडत होते. एकही ज्योत हलली नाही.

“मामा, अहो, त्या खोट्या आहेत.”

“खोट्या असल्या म्हणून काय झालं जावई? फुंकणारा तर खरा आहे ना?”

मी मुलीला पडदा बंद करायला सांगितला. मग मामांना म्हटलं, ही नळी नाही, तुमच्या आईची फुंकणी आहे, चूल धुमसतेय आणि बाहेर पाहुणे येऊन बसलेत. पेटवायला फुंकायची त्यांना मुळीच हरकत नव्हती. ते असे फुंकले की मुलगी मागे सरकली.

नंतर त्यांना काचेच्या एका बंद पेटीत बसवून फुप्फुसांत एकूण किती हवा मावते तेही मोजलं. फुप्फुसं धुराने थोडी थकली होती, पण भूल द्यायला हरकत नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या मुलीला दोनदा थँक्यू म्हटलं. मामांना मात्र त्या पेटीचंच कुतूहल. डॉक्टरीण बाईंनी समजावलं, “काका, माणसाने कितीही जोर लावून श्वास सोडला तरी थोडी हवा आत राहतेच. ती फुंकून बाहेर काढता येत नाही, म्हणून ती मोजायला ही पेटी.”

मामांनी जरा विचार केला. “आणि माणूस गेल्यावर?”

“तेव्हाही थोडी राहते,” बाई म्हणाल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

मामांना घेऊन रिक्षात बसलो. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, म्हणून मी घरी फोन करायला मोबाईल काढला. तेवढ्यात ते बाहेर बघत म्हणाले, “तुझी मामी गेली तेव्हा मी तिच्या तोंडाशी हात धरून बसलो होतो. सगळे म्हणाले, संपलं, उठा आता. मला वाटत होतं, थोडी आहे अजून.”

मी फोन खिशात ठेवला.

“होती,” मामा म्हणाले.