मशीनच्या चाकांखालची लिंबं

अमेरिकेत एके काळी दांडग्या इंजिनांच्या गाड्यांचं पेव फुटलं होतं. त्यातल्या नावाजलेल्या गाड्यांबद्दल मला काडीचंही प्रेम नाही. माझा जीव जडलाय तो एक-दोन वर्षांत गाशा गुंडाळलेल्यांवर. सिंगापुरातल्या आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये जेवताना मी त्यांच्यावर इतकं बोललोय की बायको हल्ली ताट घेऊन टीव्हीसमोर बसते. सगळ्यांत लाडकी रेबेल मशीन: पांढरी, अंगावर लाल-निळे पट्टे, आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा चक्क बॉनेटवर. हे ध्यान जेमतेम वर्षभर निघालं.

"मग गाडी का घेत नाही?" असं कुणी विचारलं की मी सीओईचं नाव काढतो. इथे गाडी बाळगायचा तो परवाना इतका महाग आहे की समोरचा हळहळतो आणि विषय संपतो. खरं कारण असं, की मला गाडी चालवताच येत नाही. पुण्यात स्कूटर होती, इथे एमआरटी, म्हणजे मेट्रो. हे बायकोला ठाऊक होतं, चौदा वर्षांच्या मुलीला नव्हतं. तिच्या लेखी बाबांना गाड्यांमधलं सगळं येत होतं आणि तिचा तो समज मी जिवापाड जपला होता.

गेल्या वर्षी तुआसच्या एका गॅरेजमध्ये खरीखुरी मशीन भेटली. मालक सत्तरीचे चिनी मेकॅनिक, सगळ्यांचे अंकल. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून इथल्या रस्त्यावर तिला मज्जाव. वर्षानुवर्षं ती शेडमध्येच धुऊनपुसून ठेवलेली. आता अंकल गॅरेज बंद करत होते आणि गाडी सोमवारी बोटीने ऑस्ट्रेलियाला चालली होती.

"सॅटर्डे यू कम. ड्राइव्ह वन टाइम, इनसाइड ओन्ली," ते म्हणाले.

नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून "शुअर" निघालं. वर मुलगी म्हणाली, "मी पण येणार!"

चार दिवस रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मी टेबलाखाली डाव्या पायाने क्लच दाबत होतो.

शनिवारी बायकोने नारळ, हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि चार लिंबं बांधून दिली. "एवढ्या लांब चाललीय, तशीच कशी पाठवायची?" मी यथासांग पूजा केली, नारळ वाढवला, चाकांपुढे लिंबं ठेवली. ती चिरडत गाडी निघाली की प्रवासात विघ्न येत नाही, हे अंकलना सांगितलं. गॅरेजात रोज उदबत्ती लावणारा माणूस, त्यांना लगेच पटलं.

त्यांनी इंजिन चालू केलं. शेडचे पत्रे थरथरले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी बसलो, क्लच सोडला. गाडीने जागच्या जागी गचका खाल्ला आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या खेपेनंतर किल्ली फिरवली तर नुसतं टकटक. बॅटरी उतरली होती. लिंबं होती तशीच.

"क्लच फार हेवी आहे," मी म्हणालो. अंकल छताकडे बघायला लागले.

मुलगी खिडकीशी आली. "बाबा, यू कान्ट ड्राइव्ह, इज इट?"

आता सीओईचाही उपयोग नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही येत गं," मी म्हणालो. "कधीच येत नव्हतं."

हात आत घालून तिने माझ्या शर्टाला लागलेली झेंडूची पाकळी काढली आणि गाडीमागे गेली. अंकलनी गिअर न्यूट्रलला आणला, मला हँडब्रेक सोडायला लावला आणि तेही मागे गेले. तीनशेहून जास्त घोड्यांची ताकद असलेली ती गाडी एक म्हातारा आणि एक शाळकरी मुलगी ढकलायला लागली. लिंबं फुटल्याचा आवाज मला आत ऐकू आला.

मी मागे वळून तिच्याकडे बघत होतो.

एरवी घरात इंग्रजीतच उत्तर देणारी ती, धापा टाकत मराठीत ओरडली, "बाबा, समोर बघून चालव!"