कौलांखाली लपलेला घुमट

लातूरच्या शाळेत मी चित्रकला शिकवते. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंगवलेल्या बायझंटाइन भिंतींचे फोटो मुलांना दाखवून दाखवून माझेच डोळे शिणले होते. निवृत्त व्हायच्या आधी अशी एक तरी भिंत समोर उभं राहून बघायचीच, असं ठरवलं आणि आमच्या ह्यांना फोन केला. ते लोह्याला शेतावर होते.

"यंदा सायप्रस!"

"हाव, पण सोयाबीन निघाल्यावर."

सोयाबीन निघालं आणि हैदराबादहून विमान पकडून, आखातात एकदा बदलून आम्ही लार्नाकाला उतरलो. व्हिसा लवकर काढा, जीव खातो. गाडी मात्र बिनधास्त भाड्याने घ्या, तिकडेही आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. भिंतचित्रांची जुनी चर्च ट्रूडोसच्या डोंगरात आहेत आणि तिथले घाट अरुंद आहेत, पोटात काही तरी असू द्या. आम्ही भाजलेलं हलूमी चीज आणि पाव घेतला. ह्यांनी त्यावर घरचा ठेचा थापला. "आता कसं बरं लागून राहिलं!"

शेवटच्या दिवशी मी मनात धरलेल्या चर्चपाशी पोचलो आणि माझं तोंड उतरलं. दाराला कुलूप. पाटीवरच्या नंबरवर फोन केला, तर कुणी उचलेना. संध्याकाळी तर परतीचं विमान! मला रडूच यायला लागलं.

"देव बंद असला की कळसाला हात जोडायचे अन् निघायचं," हे म्हणाले.

"कळस आहे कुठं? नुसती कौलं आहेत!" मी खेकसले. खरंच होतं ते. बर्फापासून वाचवायला अख्ख्या घुमटावर उतरतं कौलारू छप्पर घातलेलं. बाहेरून मोठा गोठाच वाटावा.

"मग प्रदक्षिणा तरी घालू," म्हणत हे चपला काढून चालायलाही लागले. मी धुसफुसत मागे.

मागच्या बाजूला एक आजोबा जैतुनाची फळं काढत होते. आमचे अनवाणी पाय बघून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "काही हरवलंय का?"

"दार बंद आहे, म्हणून देवाला बाहेरून फेरी घालतोय," मी म्हणाले.

ते मनापासून हसले आणि खिशातून वीतभर किल्ली काढली. फोन घरी विसरला होता म्हणे! "चपला घाला, फरशी गार आहे."

"न्हाई म्हणावं त्यांला. देवळात चपला?" असं मला सांगून हे तसेच आत.

आणि आत! अगं बाई, काय सांगू! चार कमानींवर तोललेला घुमट, त्यात आभाळभर येशू, पूर्वेच्या कोनाड्यात मेरी, कमानींवर संतांच्या रांगा. निळा इतका ताजा की जणू काल दिलाय. आजोबांनी दिव्याचा झोत तिरपा धरला, तेव्हा प्रभामंडळाची गोल रेघ दिसली. ओल्या चुन्यात चित्रकाराने ओढलेली, खोलगट, जिवंत! मी ह्यांचा दंड गच्च धरला. "दिसली हो, दिसली!"

"लई भारी," हे पुटपुटले. मान वरच. तिकीट नाही, पेटीत वाटेल ते टाकायचं. फोटो काढू देत नाहीत, पण मला हवाच होता कुठं?

परत आल्यावर अंगणातल्या भिंतीला गवंडी लावला. भिजवलेल्या चुन्याचा गिलावा दिला आणि तो ओला असतानाच मी गेरूत ब्रश बुडवला.

"बाई, वाळू द्या की! समदा रंग निघल," गवंडी म्हणाला.

"निघू दे."

आमची गाय काढली, डोक्यामागे गोल मंडळासकट. काल भिंत खडखडीत वाळली. गाईच्या पाठीवरून जोर लावून बोट फिरवलं. बोट कोरं! रंग चुन्यातच मुरला होता. मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली.