कौसाआत्या, कोरियन मालिका आणि समोरची चूल

माझ्या आत्याच्या मयतीला आलेले लोक जेवून गेले, ते एका कोरियन मालिकेमुळे.

हे वाक्य लिहून मी खोडलं होतं. पण खरं तेच आहे, म्हणून राहू देते.

आज कौसाआत्याला जाऊन वर्ष झालं.

ती बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला, तेव्हापासून शिरड शहापूरला आमच्याकडेच राहिली. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. आमच्या घरात शिकलेली मी पहिलीच. त्यामुळे मोबाइलवर मालिका लावायची आणि इंग्रजी सबटायटल तिला मराठीत सांगायचे, हे काम माझं.

मालिका अशी: बंदराच्या गावात एका मुलीची छोटी खानावळ. शहरातून एक फोटोग्राफर पदार्थांचे फोटो काढायला येतो आणि तिथेच राहतो. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

मी अडखळले की घाबरून पॉझ करायचे. एखादा शब्द आपल्या पदरचा पडेल, ही भीती.

आत्याही त्याबाबतीत कडक. "तुझं नको घालू त्यात. ती काय म्हणली तेवढंच सांग."

आवडलं ते आधी सांगते. त्या मालिकेला घाई नव्हती. कांद्याची पात चिरायची तर पूर्ण चिरून होईपर्यंत दाखवायचे. जेवताना मागे म्युझिक नसायचं, फक्त सूप फुरकल्याचा आवाज.

आत्या चहा बशीत ओतून तसाच फुरकायची. तिला ती माणसं एकदम सोयऱ्यातली वाटली.

खटकलं तेही सांगायला पाहिजे.

हिरो बोलायच्या ऐवजी तिचं मनगट धरून ओढायचा. "याला तोंड न्हाई का?" आत्या विचारायची.

मधले कितीतरी एपिसोड दोघं एका गैरसमजावर रुसून बसले, जो एका फोनवर मिटला असता. हिरोइनची आई अर्ध्यातच गायब झाली. शेवट तर नुसता उरकला.

आणि आत्याची मोठी तक्रार वेगळीच. "एवढं रांधून राहिली ही. भांडे कोण घासून राहिलं?"

आम्ही शेवटच्या एपिसोडपर्यंत वाट पाहिली. कोणीच घासले नाहीत.

पण एका एपिसोडसाठी बाकी सगळं माफ.

हिरोइनला स्वयंपाक शिकवणारा म्हातारा वारतो. लोक येतात, त्याच्या फोटोसमोर वाकतात आणि शेजारच्या खोलीत बसून जेवतात. लाल तिखट रस्सा आणि भात. कोणी रडत जेवतं, कोणी म्हाताऱ्याची आठवण काढून हसतं.

आत्या उठून बसली. मयतीच्या ठिकाणी जेवण कसं, म्हणाली.

मी पॉझ करून शोधलं, खात्री केली, मगच सांगितलं की त्यांच्यात तशी रीतच आहे.

आपल्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. घरच्यांसाठी भावकीतून कडू घास येतो, पिठलं-भाकरी. लांबून आलेले लोक मात्र तसेच उपाशी परतीची बस धरतात.

आत्या फुटाणे चघळत विचार करत राहिली.

"माझ्या वेळेस असं करा बरं. लांबलांबचे लोक उपाशी जातेत, बराबर न्हाई ते."

मग हसली. म्हणाली, "लाव पुढचं."

पुढे काही महिन्यांनी, एका सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली. उठलीच नाही.

दुपारी स्मशानातून परतलेले लोक आमच्या दारासमोर लिंबाखाली टेकले होते. साखऱ्याहून तिच्या सासरचे आले होते, डोंगरकड्याहून मावसभाऊ. ऊन मी म्हणत होतं. लेकरं भुकेने किरकिरत होती.

मला तिचं वाक्य आठवलं.

ती इच्छा होती की गंमत?

गंमत असली आणि मी सांगितलं, तर तिच्या तोंडी मी माझं घातलं. इच्छा असली आणि गप्प राहिले, तर मग कायमचंच राहिलं.

शेवटी थोरल्या चुलत्यांकडे, तात्यांकडे गेले. सगळं सांगितलं. मालिका, तो म्हातारा, फुटाणे. ती नंतर हसली, हेही सांगितलं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "शिरेल पाहून सुतकात चूल पेटवावं म्हणतीस?"

"मी काहीच म्हणत न्हाई तात्या. ती काय म्हणली तेवढंच सांगून राहिले."

तात्यांनी मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, संपलं.

समोरच्या घरातल्या शांताकाकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "सुतक तुमाला हाय, आमच्या चुलीला न्हाई. मी टाकते डाळ."

तात्या हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसत बसले. जरा वेळाने साखऱ्याचे लोक बससाठी उठायला लागले, तेव्हा म्हणाले, "बसा. ही बस सोडा. जेवून जा."

वरण-भात आणि ठेचा. शांताकाकूंच्या अंगणात पंगत बसली. आधी सगळे खाली मान घालून जेवत होते. मग आत्याचे दीर म्हणाले की वहिनी वाढायला असती, तर आतापर्यंत ताटावर हात आडवा धरावा लागला असता.

लोक हसले. ते स्वतः रडायला लागले.

अगदी त्या एपिसोडसारखं. फक्त इथे मला काही पॉझ करता आलं नाही.

त्या दिवशी भांड्यांना मला हात लावू दिला नाही. सुतक होतं. शांताकाकू आणि त्यांच्या सुना घासत राहिल्या आणि मी आमच्या दारातून बघत राहिले.

आज वर्षश्राद्ध. आज चूल आमची, पंगत आमच्या अंगणात. शांताकाकूंनी आज फक्त बसून जेवायचं.

साखऱ्याचे लोक आत्ताच बसमधून उतरलेत. लिहिणं थांबवून फोन बाजूला ठेवते.

कौसाआत्या, तू निवांत जा.

भांडे मी घासते.